कळंबा रोडवरच्या खड्ड्यातले बेडूकमासे

जूनच्या अखेरीस कोल्हापुरात कळंबा रोडच्या बाजूच्या एका प्लॉटवर कॉलमचे खड्डे मृगाच्या पावसाने तुडुंब भरले होते. काम थांबलेलं, पाणी साचून राहिलेलं, आणि त्यात बेडकांनी अंडी घातलेली. सोमवारी जेसीबी लावून खड्ड्यांत मुरूम ओढणार हे वॉचमनकडून कळलं, तशी गल्लीतली पोरं रविवारी दुपारी चहाची गाळणी, दुधाची किटली आणि प्लास्टिकचे डबे घेऊन तिथं पोचली. काठावर बसून हाताला लागतील तेवढे बेडूकमासे त्यांनी काढले. संध्याकाळी बाकीची पोरं पांगली. सहावीतली एक मुलगी मात्र सगळ्यांचे डबे गोळा करून घरी घेऊन गेली. सुमारे दीडशे बेडूकमासे असतील. त्यातले तीसेक छोटे भेक (खरखरीत कातडीचे बेडूक) आणि तीन मोठ्या जातीचे बेडूक नागपंचमीच्या सुमाराला पुन्हा बाहेर सोडले गेले. बाकीचे मेले.

मी प्राणिशास्त्र शिकवते. मुलीच्या वर्गशिक्षिका ओळखीच्या, त्यांनी वडिलांना माझा नंबर दिला, आणि तिथून शेवटपर्यंत मी या घराच्या संपर्कात होते. आजी, आई, वडील आणि मुलगी असं चौघांचं घर. वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत शिफ्टने कामाला, आई गांधीनगरला कापड दुकानात हिशेब बघते. त्यांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे, नावं मात्र देत नाही.

बेडूकमासे मेले की माणसं विचारतात, "कशानं मेले?" आणि एकच उत्तर मिळेल अशी अपेक्षा असते. इथं मरणं चार तऱ्हांची होती, वेगवेगळ्या टप्प्यांवरची. पाण्यात करायचा उपाय प्रत्येक वेळी वेगळा होता आणि मुलीला काय सांगायचं तेही प्रत्येक वेळी वेगळं होतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

पहिली रात्र

धुण्याचा निळा टब मोरीत ठेवून वडिलांनी तो नळाच्या पाण्याने भरला आणि डबे त्यात उपडे केले. सकाळी पहिल्या शिफ्टला जायला ते पाचला उठले तेव्हा निम्म्याच्या आसपास बेडूकमासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. त्यांनी गाळणीने सगळे मेलेले काढले, कागदात गुंडाळले आणि कचऱ्याच्या गाडीत टाकले. मुलगी उठली तेव्हा टब स्वच्छ होता. "काही पळाले बहुतेक," असं तिला सांगितलं गेलं.

आदल्या संध्याकाळी तिने आईच्या मोबाईलवर टबाचा वरून फोटो काढून ठेवला होता. शाळेतून आल्यावर तिने दुसरा फोटो काढला, दोन्ही मोठे करून एकेका काळ्या ठिपक्यावर बोट ठेवत मोजले, आणि रात्री वडिलांना विचारलं, "पाय नसताना कुठं पळतील?"

त्या रात्रीच वडिलांचा मला फोन आला. बेडूकमाशांपेक्षा त्यांना या प्रश्नाचंच जास्त लागलं होतं. "तिला काय सांगू?" हे त्यांनी आधी विचारलं, "बाकीचे कसे जगवू?" हे नंतर.

दुसऱ्याचं उत्तर सोपं होतं. नळाला धरणावरच्या थेट पाईपलाईनचं पाणी येवो की पंचगंगा नदीचं, ते शुद्ध करताना त्यात क्लोरिन घातलेलं असतं. आपल्या पोटाला त्याचा त्रास होत नाही. बेडूकमासा कल्ल्यांनी श्वास घेतो आणि त्याची त्वचाही पाण्यातलं सगळं शोषून घेते, त्यामुळे तेच पाणी त्याला भाजून काढतं. शिवाय उन्हाने तापलेल्या उथळ खड्ड्यातून काढून मोरीतल्या गार पाण्यात एकदम टाकलं, हा दुसरा धक्का. नळाचं पाणी पसरट भांड्यात, उघड्यावर, निदान एक दिवस ठेवलं की क्लोरिन बरंचसं उडून जातं. त्याहून चांगलं पावसाचं पाणी. पत्र्यावरची धूळ पहिल्या सरीबरोबर वाहून जाऊ द्यायची आणि मग पागोळीखाली बादली लावायची. पाणी बदलतानाही सगळं एकदम ओतून टाकायचं नाही. चौथा हिस्सा काढायचा, तेवढंच नवं हळूहळू घालायचं.

पहिल्या प्रश्नाला मी म्हटलं, जे झालं ते सांगा. आणि शब्दही फिरवून सांगू नका.

त्यांनी तसंच सांगितलं. "नळाचं पाणी मी घातलं, त्यात औषध असतं ते मला ठाऊक नव्हतं, त्यानं मेले. सकाळी मीच काढून टाकले." मुलगी रडली, मग चिडली. तिचा राग मेल्याबद्दल होता त्याहून लपवल्याबद्दल जास्त होता, असं आई मला नंतर म्हणाली. मला यात नवल वाटत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे काय ते पक्कं कळलेलं असतं, मेलेलं परत येत नाही हेही. अशा वेळी मोठ्यांनी पहाटे उठून टब साफ केला तर मरण लपत नाही, पण ज्यांच्यापाशी जाऊन रडायचं त्यांच्यावरचा विश्वास उडतो. त्या दिवसापासून एक नियम ठरला. मेलेला बेडूकमासा मुलीला दाखवल्याशिवाय टबातून काढायचा नाही. आणि काढला की वहीत लिहायचा: तारीख, रंग, पाय आलेत का, कुठं सापडला, आणि कारण कळलं असेल तर कारण.

भात, पालक आणि गर्दी

पाणी सुधारलं तरी रोज दोन-तीन मरतच होते. याचं कारण आजीचं प्रेम होतं. "आगं, त्यास्नी भूक लागली असंल की, भात घाल वाईच," म्हणत त्या दिवसातून तीनदा टबात शितं टाकायच्या, कधी चपातीचा तुकडा. बेडूकमाशांनी थोडं खाल्लं, बाकीचं तळाशी बसून आंबलं. पाण्यावर साय आल्यासारखा पांढरा थर, आंबूस वास. कुजणाऱ्या अन्नातून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो, आणि साचलेल्या पाण्यात तो वाढत गेला की कल्ले निकामी होतात. वर गर्दी. दाटीवाटीने वाढणारे बेडूकमासे खुरटतात आणि त्यांना बेडूक व्हायला लागणारा वेळही लांबतो.

तीन पसरट भांडी केली. एक निळा टब आणि दोन जुनी घमेली, आतून प्लास्टिक अंथरलेली, कारण गंजक्या पत्र्याचा पाण्याशी संबंध नको. जागा मोरीतून मागच्या दारी, जांभळाच्या सावलीत. खायला उकळत्या पाण्यातून काढलेली पालकाची पानं, आधी चांगली धुऊन, कारण पालेभाजीवर फवारणी असते. एक पान टाकायचं, संध्याकाळपर्यंत राहिलेलं काढायचं. खड्ड्याच्या कडेचा शेवाळ लागलेला एक दगड मुलीने मुरूम पडायच्या आधी उचलून आणला होता. त्याच्यावर सगळे तुटून पडत. जवळून बघितलं तर त्यांचं तोंड काम करताना दिसतं. ओठांवर बारीक काळसर दातऱ्यांच्या ओळी असतात, त्यांनी ते दगडावरचं शेवाळ खरवडतात, आणि दगडावर पांढुरके ओरखडे राहतात. हे आजींनी चष्मा लावून पाहिलं आणि मग भात घालायचं आपणहून बंद केलं. त्यांना समजावून सांगायची वेळच आली नाही.

याच दिवसांत डेंग्यूच्या सर्वेक्षणाला आलेल्या आरोग्यसेविका ताई घरी आल्या आणि साचलेलं पाणी ओतून टाका म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. तोड अशी निघाली की तिन्ही भांड्यांवर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधायचं, रोज सकाळी अळ्या दिसल्या तर गाळणीने काढायच्या, आणि ताईंनी पुढच्या फेरीत येऊन बघायचं. अळीनाशक औषध आणि गप्पी मासे दोन्हींना नको म्हटलं. औषधाचा धोका उघड आहे, आणि गप्पी मासे अळ्यांइतकेच आवडीने छोटे बेडूकमासेही खातात. काढलेल्या अळ्यांचा पुढे फार उपयोग झाला, तो असा.

न सापडलेले

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, तरणा पाऊस लागला तेव्हा, वहीत एक नवी अडचण आली. संख्या कमी होत होती आणि मेलेले सापडत नव्हते. कापड बांधलेलं होतं, म्हणजे कावळा नाही. मुलीने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी आईची शपथ घेतली.

खड्ड्यातून आणलेले बेडूकमासे दोन जातींचे होते. बहुतेक काळेभोर, छोटे, घोळक्याने फिरणारे. हे आपल्या घराभोवती दिव्याखाली किडे टिपायला येतो त्या खरखरीत कातडीच्या भेकाचे. आणि दहा-बारा मोठे, तपकिरी, रुंद डोक्याचे. हे पावसाळ्याच्या सुरुवातीला पिवळेधमक होऊन डरांव डरांव करतात त्या मोठ्या बेडकाचे, इंडियन बुलफ्रॉगचे. याच बेडकांच्या तंगड्या एकेकाळी परदेशी जायच्या. शेतातले किडे खाणारा हा प्राणी झपाट्याने कमी होऊ लागला, तेव्हा १९८७ साली भारताने ती निर्यात बंद केली.

भेकाचे बेडूकमासे शेवाळ, कुजका पाला असलं खातात. बुलफ्रॉगचे शिकारी असतात. मी फोनवर सांगितलं, रात्री बॅटरी घेऊन बघा. बापलेक बसून राहिले. एका घमेल्यात तपकिरी बेडूकमासा तळाशी स्थिर होता आणि त्याच्या तोंडातून काळी शेपटी बाहेर आली होती, अजून हलणारी.

मुलीला ते तपकिरी सगळे त्याच रात्री गटारात टाकायचे होते. "राक्षस आहेत." आजी म्हणाल्या, "तुझ्या बाबाला रविवारी तांबडा रस्सा लागतोय, त्येला म्हणतीस व्हय राक्षस? ज्येचं त्येचं खाणं आसतंय." मला हे उत्तर आवडलं, पण मुलीला ते लगेच पटलं नाही, आणि पटायला हवं होतं असंही नाही. ज्यांना आपण हाताने वाचवलं त्यांना आपणच आणलेल्या दुसऱ्याने खाल्लं, हे गिळायला वेळ लागतो. मी तिला फक्त एवढं सांगितलं की उघड्या खड्ड्यात पळायला जागा असते, चिखल असतो, गवत असतं, आणि घमेल्यात यातलं काही नाही. शिकार करणं हा तपकिऱ्यांचा दोष नाही, दोघांना एका भांड्यात ठेवणं ही आपली चूक होती आणि ती आता दुरुस्त होईल.

तपकिरी वेगळे केले. ते एकमेकांनाही खातात, म्हणून दोन भांड्यांत आणि पोट भरलेले. डासांच्या अळ्या इथं कामाला आल्या. जोडीला उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा कण. आणि मधे लपायला जलपर्णीच्या मुळ्यांचा झुपका, आधी स्वच्छ धुऊन.

भेकाच्या बेडूकमाशांबद्दल मुलीला एक गोष्ट सांगितली, तिने ती पुढे वर्गातही सांगितली. आपल्यापासून जवळच धारवाडला, कर्नाटक विद्यापीठात, याच भेकाच्या बेडूकमाशांवर प्रयोग झाले आहेत. एका अंड्यांच्या माळेतून आलेली भावंडं एकमेकांना ओळखतात आणि अनोळखी पिल्लांपेक्षा भावंडांच्या बाजूला जाऊन राहतात असं त्यांत दिसलं. टबातल्या काळ्या घोळक्याकडे ती मग वेगळ्या नजरेने बघू लागली.

तपकिऱ्यांपैकी एकाच्या शेपटीचा लचका दुसऱ्याने तोडला होता. त्याला तिने तुटक्या नाव दिलं. ज्यांना राक्षस म्हणाली त्यांच्यातलाच हा, पण जखमी, आणि ओळखता येणारा. रोज त्याचा फोटो. पंधरवड्याभरात त्याची शेपटी परत वाढली. बेडूकमाशाला हे येतं, तुटलेल्या जागी स्नायू, मज्जारज्जू, पडदा सगळं पुन्हा तयार होतं. फोटो ओळीने लावून तिने मला पाठवले. शेवटच्या फोटोत कुठला तुटक्या ते तिच्याशिवाय कुणाला सांगता आलं नसतं.

पुढचे पाय

आता चौथं मरण, आणि मला वाटतं या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं.

मागचे पाय आधी येतात, सावकाश, सगळ्यांना दिसतील असे. पुढचे पाय कातडीच्या आत, कल्ल्यांच्या पडद्याखाली तयार होत असतात आणि एका दिवसात फुटून बाहेर येतात, कोपर आधी. घरातली माणसं टाळ्या वाजवतात, कारण आता बेडूक झाला. प्रत्यक्षात तो त्या जिवाचा सगळ्यात नाजूक आठवडा असतो. दातऱ्या गळून पडतात, तोंड रुंदावतं, जीभ येते. शाकाहारी लांबलचक आतडं आखडून शिकारी जिवाचं आखूड आतडं होतं. कल्ले जातात, फुप्फुसं कामाला लागतात. हे सगळं गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या हुकुमाने चालतं. १९१२ साली गुडेरनॅच नावाच्या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना थायरॉईडचं खाद्य घातलं आणि ते वेळेच्या कितीतरी आधी चिमुकले बेडूक झाले, तेव्हापासून हे ठाऊक आहे. या दिवसांत तो काही खात नाही. शेपटी विरघळत जाते आणि तीच त्याची शिदोरी.

पोहायची शेपटी संपत आलेली, श्वास हवेतून घ्यायचा, आणि भोवती सरळ उभ्या कडांचं भांडं. पहिले सात-आठ भेक असे बुडून मेले. पाण्यात जन्मलेला जीव पाण्यात बुडतो यावर घरात कुणाचा विश्वास बसेना. टबात दगड होता, पण त्याची कड पाण्यावर उभी होती, आणि एवढ्याशा पायांना तिथं चढता आलं नाही.

त्याच रात्री टबाच्या एका बाजूखाली वीट सरकवली. एका कडेला बोटभर पाणी आणि दुसरीकडे कोरडं. फुटक्या कौलाचा तुकडा पाण्यात तिरका रुतवला, त्यावर नारळाच्या ओल्या सोडणाचा थर. दुसऱ्या दिवशी सकाळी कौलावर, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, शेपटीचं काळं थोटूक मागे असलेला एक भेक बसलेला होता. गळ्याखालची कातडी भराभर खालीवर होत होती. म्हणजे हवेतून श्वास चालू झाला होता.

या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाला काहीतरी करायचं होतं. आई चिमट्याने खाऊ देऊन पाहणार होत्या. वडिलांनी मोबाईलवर थायरॉईडला आयोडीन लागतं असं वाचलं आणि आयोडीनचं मीठ पाण्यात टाकायला निघाले, वेळेत फोन केला म्हणून बरं. मुलीला प्रत्येकाला तळहातावर घ्यायचं होतं. आपल्या हातावरचं मीठ, साबण, सॅनिटायझर त्या ओल्या कातडीतून थेट आत जातं. मीठ तर त्याच्या अंगातलं पाणीच ओढून घेतं. मी सगळ्यांना एकच सांगत राहिले: काही करू नका. सावली, उतार, थोडं पाणी, शांतता. जीव लावलेल्या माणसाला हात बांधून बसायला सांगणं फार जड असतं, हे मला कळत होतं, तरी इथं तेवढंच उपयोगाचं होतं.

दोन पिल्लांचे पुढचे पाय काडीसारखे बारीक राहिले. अंग उचललं जाईना, पुढे सरकताना हनुवटी घासायची. माणसाच्या हाताखाली वाढलेल्या बेडकांत हे जगभर दिसतं. आहार, पाणी, गर्दी असा कशाकशाशी त्याचा संबंध जोडला जातो. ती जगत नाहीत. शेजारच्या एका काकांनी "मीठ टाकून सोडवा बिचाऱ्यांना" असं सुचवलं. तसं कधीच करू नये. मीठ, गरम पाणी, फ्रीज, यांपैकी काहीही त्यांना सुखाने सोडवत नाही, उलट हालच करतं. त्या दोघांना ओल्या पाल्यावर वेगळं ठेवलं, आणि दोन दिवसांत ती गेली.

तुटक्याचे पुढचे पाय जुलै सरताना आले. दुसऱ्या दिवशी तो कौलावर होता, चारही पाय ठीक, अर्धी शेपटी. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथेच मेलेला. अंगावर जखम नाही, पाणी चांगलं, बाकीचे नीट.

मुलगी त्या दिवशी शाळेत गेली नाही. मी संध्याकाळी घरी गेले. ती म्हणाली, "मी आणलाच नसता तर?" वडील लगेच म्हणाले, "अगं, खड्ड्यात मुरूम पडला, सगळेच मेले असते." हे खरं होतं, तिने सोमवारी जाऊन बुजलेले खड्डे पाहिलेही होते. तरी त्याने तिचं समाधान झालं नाही. मोठ्यांकडे असलं अजून एक उत्तर असतं, आकड्यांचं. भेकाची मादी पाण्यात काळ्या मोत्यांच्या लांब माळांसारखी हजारो अंडी घालते. नर-मादीच्या एका जोडीमागे आयुष्यभरात दोन पिल्लं मोठी होऊन अंडी घालण्यापर्यंत पोचली तरी त्यांची संख्या टिकून राहते. म्हणजे बाकी सगळ्यांचं मरणं हे त्या हिशेबातच धरलेलं असतं. मी वर्गात हे नेहमी सांगते. त्या संध्याकाळी सांगितलं नाही. हा हिशेब जातीचा आहे, आणि ती एकाबद्दल विचारत होती, ज्याची शेपटी वाढताना तिने रोज पाहिली होती. अशा वेळी हजारांचा आकडा तोंडावर टाकणं म्हणजे तुझा एक हिशेबात नाही असं सांगणं होईल.

मी एवढंच म्हटलं की या आठवड्यात शरीराच्या आत इतकं काही एकदम बदलतं की काहींच्या बाबतीत ते मधेच अडतं, बाहेरून कळत नाही, आणि कुणी काही केलं असतं तरी थांबलं नसतं. पहिल्या रात्रीचं मरण टाळता आलं असतं. बुडालेले टाळता आले असते, आणि टबाखाली वीट गेल्यावर एकही बुडाला नाही. तुटक्याचं तसं नव्हतं. तिने वही आणली आणि आधीची पानं उघडून एकेका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हा?" "हा?" आम्ही तासभर तेच करत बसलो. कुठलं मरण आपल्या हातातलं होतं आणि कुठलं नव्हतं, ते तिला वेगवेगळं करून हवं होतं. सरसकट "तुझी चूक नाही" म्हटल्यापेक्षा याने तिला जास्त बरं वाटलं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. आजींनी मागच्या दारी तगरीखाली खड्डा काढून ठेवला होता. मेलेलं नाल्यात किंवा दुसऱ्या डबक्यात टाकायचं नाही, कारण रोग असला तर पसरतो, हे मी आधी सांगितलं होतंच. पण आजींनी तगर निवडली ती त्यांच्या मनाने.

सोडताना

शेपटी जिरली की त्याच दिवशी सोडायचं, हे आधीच ठरलं होतं. एवढ्याशा भेकाला घरात जगवणं जवळजवळ अशक्य असतं. त्याला दिवसभर बारीक जिवंत किडे लागतात, मुंगीहून लहान, आणि ते फक्त ओल्या मातीत आणि पाल्यात मिळतात. शिवाय हा रानातला जीव आहे. अडचणीतून काढून मार्गाला लावणं वेगळं, पाळणं वेगळं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचाही रोख तोच आहे.

गल्लीतल्या बहुतेकांचं मत रंकाळ्यात सोडावं असं होतं. रंकाळा कोल्हापूरकरांना जीव की प्राण, तिथं सोडलं की सुखात राहतील असं वाटणं साहजिक आहे. पण तलावात मोठे मासे असतात, आणि ही पिल्लं आता पाण्यात राहणारी नव्हती. भेक अंडी घालायलाही मुद्दाम पावसाळी डबकं शोधतो, कारण तिथं मासे नसतात. दुसरं कारण जास्त गंभीर. बेडकांच्या कातडीचा एक बुरशीजन्य रोग, कायट्रिड, जगभर बेडकांच्या जातीच्या जाती पुसून गेला आहे आणि तो पश्चिम घाटातही आढळला आहे. बेडूकमाशाच्या अंगात तो तोंडाच्या दातऱ्यांपुरता असतो, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून इकडचा बेडूक आणि इकडचं पाणी तिकडे न्यायचं नाही. जिथून आणले तिथंच, किंवा अगदी लगतच्या ओलीत.

मूळ खड्डे बुजले होते. प्लॉटच्या खालच्या अंगाला, त्याच उतारावर, ओढ्याच्या काठी गवत आणि दगडांची पौळ आहे. संध्याकाळी, पाऊस भुरभुरत असताना, प्रत्येक वेळी जे तयार झाले तेवढे नेऊन सोडले. पाण्यात नाही, गवताच्या बुडाशी ओल्या मातीत. तीन बुलफ्रॉग शेवटी निघाले. त्यांना त्याच ओढ्याकडेच्या भाताच्या वाफ्याजवळ सोडलं. मालकाला विचारलं, तिथं फवारणी झालेली नव्हती.

आता या घराला पुन्हा असं करावं का, हा प्रश्न वडिलांनी ऑक्टोबरमध्ये विचारला. माझं मत स्पष्ट आहे. डबकं उन्हाने आपोआप आटत असेल तर हात लावू नये. पाणी कमी होतंय हे बेडूकमाशांना कळतं आणि कितीतरी जातींत ते रूपांतर लवकर उरकतात, थोडे लहान राहून का होईना. मुरूम पडणार असेल, कुणी तेल ओतणार असेल, तर उचलावं, पण आधी त्याच जागेच्या लगत दुसरं डबकं आहे का बघावं आणि तिथं हलवावं. घरी आणणं सगळ्यात शेवटी, आणि दीडशे कधीच नाही. वीस-पंचवीस नीट सांभाळता येतात.

टब आणि घमेली ब्लीचिंग पावडरने धुऊन, चांगली खळखळून, कडक उन्हात वाळवून माळ्यावर ठेवली आहेत. शेजारच्या प्लॉटचं काम दिवाळीनंतर निघणार आहे, म्हणजे पुढच्या मृगात तिथंही खड्डे भरतील. मुलीने वॉचमनमामांना आत्ताच सांगून ठेवलंय की भराव टाकायच्या आठ दिवस आधी कळवा, आणि त्याच उताराच्या खालच्या अंगाला, पौळीजवळ, एक उथळ डबकं मोकळं सोडायला मालक तयार आहे का ते विचारा. मालकाने अजून हो म्हटलेलं नाही. वडील पुढच्या रविवारी त्याला भेटणार आहेत.